एकतीस वर्षं मोजलेले दात

गिअरबॉक्स या विषयाचं इतकं सखोल ज्ञान असलेला माणूस आमच्या जिल्ह्यात पूर्वी झाला नाही आणि पुढेही होणार नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे, कारण खुद्द त्यांच्या तोंडून ते मी निदान चाळीस वेळा ऐकलेलं आहे.

ते माझे घरमालक; सगळे त्यांना सर म्हणत. नगरला सावेडीच्या बाजूला त्यांचा बंगला आहे, आणि त्याच्या मागच्या अंगाला काढलेल्या दोन खोल्यांत मी सहा वर्षं राहिलो. जिल्ह्यातल्याच एका सरकारी तंत्रप्रशिक्षण संस्थेत त्यांनी एकतीस वर्षं मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला. त्या एकतीस वर्षांत त्यांचा पांढरा एप्रन पांढराच राहिला. एक डाग न लागता निवृत्त झालो, असं ते अभिमानाने सांगत. ऐकणाऱ्याला वाटे, माणूस चारित्र्याविषयी बोलतो आहे. ते एप्रनविषयी बोलत असत. मोटार शिकवणाऱ्या माणसाचा एप्रन एकतीस वर्षं पांढरा कसा राहतो, हा प्रश्न कुणी विचारला नाही. सरकारी नोकरीत असे प्रश्न विचारायची पद्धत नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खडू असे. निवृत्तीनंतरही. बोलताबोलता समोरच्याला काही कळत नाही असं त्यांना वाटलं, आणि ते नेहमीच वाटे, की खडू बाहेर निघायचा आणि मिळेल त्या पृष्ठभागावर आकृती उमटायची. भाजीच्या हातगाडीवर, दवाखान्याच्या फरशीवर, एकदा तर एका तेराव्याच्या जेवणात पाण्याच्या टाकीवर. एसटीत ते ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा धरत आणि गिअर पडला की मोठ्याने आकडा सांगत. "दुसरा. तिसरा. घाई केली." पारनेरच्या गाडीवरच्या एका ड्रायव्हरने अखेर गाडी कडेला घेतली, मागे वळून हात जोडले आणि विचारलं, "बाबा, तुमी चालवता का?"

सर शांतपणे म्हणाले, "मी चालवत नाही. मी शिकवतो."

गाडी पुढे निघाल्यावर त्यांनी "पहिला" असं जाहीर केलं.

पण त्यांचा खरा शब्द 'समजा' हा होता. शिकवणाऱ्या प्रत्येकाला तो अधूनमधून लागतो. सरांनी त्याच्यावर प्रपंच केला. एका उन्हाळ्यात माझ्या नळाला पाणी येईना म्हणून मी तक्रार घेऊन गेलो. त्यांनी मला बसवलं, खडू काढला आणि फरशीवर चौकोन काढला. "ही टाकी. भरलेली आहे असं समजा." तिथून वीस मिनिटांत त्यांनी सिद्ध करून दाखवलं की त्या घरात सर्वांत जास्त दाबाने पाणी माझ्याच नळाला येतं. मला ते पटलं. मग मी शेजाऱ्यांकडून बादली भरून आणली.

काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हे पटणं-न पटणं केव्हाच मागे पडलेलं होतं. त्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या. कमी बोलत, बोलल्या तर भाकरी थापतात तशा, दोन थापांत काम संपे. एकदा सर कुकरच्या शिट्टीतून वाफ कशी बाहेर पडते ते मला समजावून सांगत होते, आणि स्वयंपाकघरात मोठा आवाज झाला. काकू दारात येऊन म्हणाल्या, "डाळ छताला हाय. ताटात हाय असं समजा आन बसा जेवायला."

आता मुख्य वस्तूकडे वळतो.

बंगल्याच्या दिवाणखान्यात, जिथे इतरांकडे टीव्ही असतो तिथे, क्रोशाच्या रुमालाखाली एक कापलेला गिअरबॉक्स होता. विद्यार्थ्यांना आतलं दिसावं म्हणून ज्याच्या लोखंडी अंगाला तीन खिडक्या पाडलेल्या असतात, तसला. आतले गिअर वेगवेगळ्या रंगांत रंगवलेले. पुढे एक हँडल. ते फिरवायचं, वरची दांडी हलवायची, की कुठल्या रंगाचा दात कुठल्या रंगाच्या दातात बसतो ते दिसायचं. मागे चारही चाकांना ताकद वाटून देणारा धाकटा डबाही जोडलेला होता. शेजारी सरांच्या वळणदार अक्षरातली पाटी: पहिला लाल, दुसरा पिवळा, तिसरा निळा, चौथा हिरवा, रिव्हर्स नारिंगी. संस्थेने जुनं सामान लिलावात काढलं तेव्हा हा गिअरबॉक्स सरांनी घेतला. बोली लावणारे ते एकटेच होते. तरी आपण तो चुरशीने मिळवला असं ते सांगत.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी हँडल फिरवावं लागे. मी खोल्या बघायला गेलो त्या दिवशी मलाही फिरवावं लागलं. भाड्याची बोलणी दुसऱ्या गिअरमध्ये सुरू झाली आणि चौथ्यात संपली. शेवटी सरांनी दांडी रिव्हर्सला टाकली. मी हँडल फिरवत राहिलो. मागचा दांडा काही हलेना.

"आता हा उलटा फिरतोय असं समजा," सर म्हणाले.

मी समजलो. मला खोल्या हव्या होत्या.

सरांची स्वतःची गाडीही लिलावातलीच. कुठल्याशा सरकारी खात्याने वापरून टाकलेली, जुनी, चारही चाकांवर चालणारी पिकअप. दारावरची अक्षरं खरवडून काढली होती, पण उन्हात बाजूने बघितलं तर ती दिसायची, त्यामुळे गावाकडचे लोक अजून तिला घाबरत. ती घेण्याचं कारण काकूंचं माहेर. त्या गावी जाणारी वाट पावसाळ्यात बैलही टाळतात. दरवर्षी दिवाळीनंतर तिथून वर्षाचा तांदूळ आणायचा, हा त्या घरातला न मोडणारा नेम होता.

या गाडीचा तिसरा गिअर सुटायचा. म्हणजे सर तो टाकत आणि थोड्या वेळाने तो आपणहून बाहेर येई. त्यावर उपाय म्हणून काकू शेजारी बसून दांडी हाताने धरून ठेवत. राहुरीपासून संगमनेरपर्यंत. एकदा मी विचारलं, "काकू, हात दुखत नाही?" त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्षांच्या संसारात माज्याकडं एवढंच खातं हाय. तिसरा धरायचा."

एका शुक्रवारी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारासमोर त्या गिअरबॉक्सने कायमचा राम म्हटला. खडखडाट झाला, मग काहीच झालं नाही. नवी म्हैस घेऊन निघालेल्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला बांधून गाडी नगरला आली. सर ट्रॅक्टरवाल्याला सगळ्या रस्त्याने गिअरचे आकडे सांगत होते.

गाडी आली ती शामूच्या गॅरेजवर. शामू म्हणजे शमुवेल; सरांचाच जुना विद्यार्थी, पंचविशीत गॅरेज टाकलेलं, आता पन्नाशीला टेकलेला. गॅरेजच्या पाटीवर वर 'प्रभूची कृपा' आणि खाली त्याचं नाव. सरांचं त्या पाटीविषयी एक जुनं दुःख होतं. त्यांचे शेकड्यांनी विद्यार्थी जिल्हाभर गॅरेज चालवत होते, आणि एकाच्याही पाटीवर सरांचं नाव नव्हतं. देवाची नावं होती, आईवडिलांची होती, एकाने तर मेव्हण्याचं घातलं होतं.

शामूने गाडीखालून बाहेर येऊन हात पुसले. "सर, डबा गेला. आतलं चूर्न झालंय. जुन्या बाजारात याचा चांगला गिअरबॉक्स भेटतो. मी बघून आनतो."

"वापरलेला?" सर म्हणाले. आवाजात वापरलेल्या टूथब्रशचा तिटकारा होता. "माझ्याकडे याच मॉडेलचा आहे. शून्य किलोमीटर चाललेला. कंपनीतून आला तो थेट वर्गात."

शामूने फडकं खांद्यावर टाकलं. "सर, तो कापलेला हाय."

"खिडक्या बंद करता येतात."

"सर, तो वर्गातला हाय."

"म्हणूनच," सर म्हणाले. "जे वर्गात फिरतं ते रस्त्यावर फिरतं. तत्त्व एकच."

गॅरेजमध्ये तेव्हा पाचसात माणसं होती. एक रिक्षावाला, दोन टेम्पोवाले, चहा घेऊन आलेला हॉटेलवाला. शामू हळूच म्हणाला, "मंग एक करू सर. बसवायच्या आधी मला आत बघू द्या. घोडेगावच्या बाजारात म्हस घेताना बी मानूस तोंड उघडून दात बघतो. आपन दात तरी मोजू."

"दात मी मोजलेले आहेत," सर म्हणाले. "एकतीस वर्षं."

टेम्पोवाला हसला. त्याने हसायला नको होतं, कारण त्याच्या हसण्यातून पुढचं सगळं झालं. सरांनी खुर्ची ओढली, बसले, आणि अट घातली. हा गिअरबॉक्स गाडीत बसेल. गाडी काकूंच्या माहेरी जाईल आणि तांदळाची पोती घेऊन परत या दारात येईल. तसं झालं, तर शामूने पाटीवर 'सरांच्या मार्गदर्शनाखाली' असं लिहायचं, सरांच्या पूर्ण नावासह.

"आन न्हाई झालं तर?" रिक्षावाल्याने विचारलं.

उत्तर शामूनेच दिलं, अगदी आदबीने. "न्हाई झालं तर सरांनी हितं उभं राहून एकच वाक्य म्हनायचं. मी आजवर एकबी गिअरबॉक्स माज्या हातानं उघडलेला न्हाई."

हे वाक्य आख्ख्या जिल्ह्यातल्या गॅरेजवाल्यांना माहीत होतं. फक्त ते सरांनी कधी म्हटलेलं नव्हतं. त्यांचा हात खिशातल्या खडूवर गेला आणि तिथेच राहिला. "मान्य," ते म्हणाले.

"सर, जाताल," शामू म्हणाला. "पर परत कसं येताल ते बघा."

आम्हां सगळ्यांना तो टोमणा वाटला.

तीन खिडक्या बंद करण्याचं काम सरांनी शामूला दिलं नाही. फाटकं आणि ग्रिल बनवणाऱ्या एकाकडे दिलं. त्याने जाड पत्र्याची झाकणं करून बोल्टांनी आवळली. मध्ये ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर. सर एप्रन घालून चार फुटांवर उभे होते. काम झाल्यावर त्यांनी झाकणावर खडूने लिहिलं, 'उघडू नये'. मग चार माणसांनी तो जिन्नस उचलून शामूकडे नेला. दिवाणखान्यात क्रोशाचा रुमाल आणि रंगांची पाटी तेवढी उरली. काकूंनी त्या जागी धान्याचा डबा ठेवून दिला.

गिअरबॉक्स बसवणं हे काय काम असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. जुना डबा साखळीला लटकवून उतरवायचा, पुढचा आणि मागचा असे दोन्ही लांब दांडे सोडवायचे, मग नवा डबा तसाच उचलून त्याचा पुढे आलेला दांडा क्लचच्या भोकात बरोबर घालायचा. क्विंटलभर लोखंड आणि सुईत दोरा ओवायची नजर. शामू गाडीखाली पाठीवर झोपलेला, तोंडावर माती पडते आहे, दोन माणसं डबा हलवत आहेत, आणि सर प्लास्टिकच्या खुर्चीतून सूचना देत आहेत.

"अक्ष जुळवा! शामू, अक्ष एका रेषेत आला पाहिजे!"

"अक्ष आलाय सर," खालून आवाज आला. "बोट अडकलंय."

सरांनी फरशीवर शामूसाठी आकृती काढली. शामूला ती दिसत नव्हती. संध्याकाळपर्यंत काम झालं. एक गोष्ट तेव्हा मला गुरुभक्तीची वाटली होती: गाडी आत घेतानाच शामूने ती माणसांकडून ढकलून उलटी लावून घेतली होती, तोंड रस्त्याकडे. सर म्हणाले, "रथ निघतो तसा." शामू म्हणाला, "व्हय सर. आता नाकासमोर जायाचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही थेट गॅरेजवरूनच निघालो. मला साक्षीदार म्हणून घेतलं होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. पुस्तकांत राहणारा माणूस खोटं बोलत नाही असा दोन्ही पक्षांचा समज होता. पुढच्या सीटवर आम्ही तिघे: सर एप्रनमध्ये, मध्ये काकू, कडेला मी. काकूंनी सवयीने दांडीकडे हात नेला. तिसरा सुटला नाही. त्यांनी हात परत मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या, जसं निवृत्त माणूस घड्याळाकडे बघतो.

गाडी चालली. हे मला मान्य केलं पाहिजे. चारही गिअर लोण्यासारखे पडत होते. संगमनेरच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा गाडीखाली तेलाचे थेंब पडलेले दिसले. एक तांबडट, एक पिवळसर. गिअरांचा रंग तेलात सुटत होता. काकू वाकून म्हणाल्या, "खाली हळदीकुंकू चाललंय जनू." सरांनी मान्य केलं की हा रंगाचा दोष आहे, गिअरचा नाही.

अकोलं गेलं, राजूर गेलं, डोंगर जवळ आले. शेवटच्या दोन किलोमीटरांत रस्ता नाही, नुसता रस्त्याचा इरादा आहे. सरांनी छोटी दांडी ओढली, चारही चाकांत ताकद गेली, आणि ती म्हातारी पिकअप दगडांवरून अशी चढली की मला क्षणभर माझ्या सगळ्या शंकांची लाज वाटली. सरांनी आकडेसुद्धा सांगितले नाहीत. एकतीस वर्षं भिंतीपुढे हँडलने फिरवलेली गोष्ट त्यांच्या हाताखाली खरोखर डोंगर चढत होती, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा मास्तरांसारखा न दिसता विद्यार्थ्यासारखा दिसत होता. हे मी लिहिलं नाही तर तो अन्याय होईल.

वाट काकूंच्या भावाच्या खळ्यात जाऊन संपते. डावीकडे घर, उजवीकडे पेंढ्याची उडवी, समोर दगडी बांध आणि बांधाखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भाताची खाचरं. सरांनी गाडी डौलात बांधापर्यंत नेली आणि इंजिन बंद केलं. गाव जमलं. "दाजी, चढलात व्हय!" मेव्हणे म्हणाले. जेवण झालं, भाषण झालं, तांदळाची सात पोती मागे चढली, काकू सीटवर जाऊन बसल्या.

सरांनी गाडी सुरू केली, दांडी रिव्हर्सला टाकली. ती अगदी व्यवस्थित पडली. क्लच सोडला. इंजिन गुरगुरलं. गाडी जागची हलली नाही.

पुन्हा टाकला. पुन्हा तेच. "तेल थंड आहे," सर म्हणाले. पाच मिनिटांनी, "तेल गरम झालंय." मग ते खाली उतरले, खडू काढला आणि बॉनेटवर आकृती काढू लागले. गाव भोवती उभं. "हा मुख्य दांडा. हा खालचा दांडा. रिव्हर्स टाकला की या दोघांच्या मध्ये येतो..."

खडू थांबला.

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. खडूचं टोक दोन रेघांच्या मधल्या रिकाम्या जागेवर टेकलेलं होतं आणि तिथून हलत नव्हतं. मला दिवाणखान्यातली पाटी आठवली. लाल, पिवळा, निळा, हिरवा मी खिडक्यांतून पाहिले होते. नारिंगी मी कधीच पाहिला नव्हता. सरांनीही पाहिला नव्हता. निदान गेली तीसएक वर्षं तरी नाही. तिथे तो आहे असं त्यांनी इतक्या मुलांना इतक्या वेळा समजायला सांगितलं होतं की शेवटी त्यांचं स्वतःचंही तसंच झालं होतं.

सीटवरून काकू म्हणाल्या, "समजा म्हना की."

सरांनी खडू खिशात ठेवला. काकूंनी खिडकीतून डोकं काढलं. "भाऊ, बैल आन."

पोती उतरवली. बैलजोडी आली, मागच्या बंपरला दोर बांधला. सर पुन्हा आत जाऊन बसले, दांडी रिव्हर्सला ठेवली आणि आरशात बघून स्टिअरिंग धरलं. बैलांनी गाडी पन्नास फूट मागे ओढली, वाट रुंद होते तिथे वळवून दिली, आणि पोती पुन्हा चढली. मेव्हणे दोर सोडताना म्हणाले, "दाजी, लई भारी गाडी. पुढं चार चाकांवर जाती, मागं आठ पायांवर."

परतीच्या वाटेवर सर अकोल्यात म्हणाले, "अटीत रिव्हर्स नव्हता." संगमनेरला चहाला मात्र उतारावर, तोंड रस्त्याकडे राहील अशी जागा शोधून गाडी उभी केली. राहुरीला मला विचारलं, "ग्रंथपाल, तुमच्या खोल्यांचं छत गळतं म्हणाला होतात ना? बघू या वर्षी." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर ऊस होता.

गॅरेजसमोर तेच लोक होते. किंबहुना जास्त. सरांनी गाडी रस्त्याला समांतर उभी केली, उतरले, एप्रन झटकला. तो अजूनही पांढरा होता. "गेलो. आलो. तांदूळ मागे आहे. मोजून घ्या."

शामूने पोती मोजली नाहीत. तो गाडीच्या मागे गेला. बंपरवर दोराचा काच पडलेला होता आणि त्याच्या खाली शेण वाळलेलं होतं. त्याने ते नखाने उकरलं, वास घेतला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"भाऊ, तुमी वाचलेलं मानूस. तुमी सांगा. गाडी आपल्या ताकदीनं परत आली का?"

सर माझ्याकडे बघत नव्हते. ते पाटीकडे बघत होते. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्या क्षणी मी 'नाही' म्हणालो असतो, तर एका म्हाताऱ्या माणसाला भर रस्त्यात ते वाक्य म्हणावं लागलं असतं. मी जे बोललो ते दयेपोटी, असं मी पुढे काही दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे छताचा विचार माझ्या मनात होता.

"गाडी आली," मी म्हणालो.

हे खरं होतं. शामूने मान हलवली. "आली तर आली." मग तो आत गेला आणि नटबोल्टांच्या डब्यातून काहीतरी घेऊन आला. मुठीएवढा एक गिअर. त्याच्या दातांच्या बेचक्यात अजून नारिंगी रंग होता.

"सर, मी दुसऱ्या वर्षाला हुतो. साफ करताना ह्यो माज्या हातनं पडला, एक दात उडाला. मी रडत तुमच्याकडं आलो. तुमी म्हनलात, जाऊ दे, आहे असं समज. तवापासून माज्याकडं हाय. दात मी पुन्यावरनं भरून आनला. अर्ध्या दिवसाचं काम हाय सर. आता बसवून टाकू."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याने गिअर दोन्ही हातांनी पुढे केला होता, प्रसाद देतात तसा. गॅरेजमध्ये कुणी हसलं नाही, टेम्पोवालासुद्धा नाही. सरांनी गिअर हातात घेतला, उजेडाकडे धरला, फिरवून बघितला. मला दिसलं की ते दात मोजत होते. ओठ हलत होते.

मग त्यांनी तो शामूला परत दिला. "हा दुसऱ्या गाडीचा आहे," ते म्हणाले.

शामूने आठ दिवसांत पाटी रंगवून घेतली. 'प्रभूची कृपा' च्या खाली 'सरांच्या मार्गदर्शनाखाली', सरांच्या पूर्ण नावासह. त्याच्याखाली त्याने आपणहून एक ओळ वाढवली: 'रिव्हर्सचे काम खात्रीशीर'. सरांनी पाटीचा फोटो काढून सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवला. खालची ओळ त्यांनी वाचली नसावी, किंवा वाचली नाही असं आपण समजू.

गिअरबॉक्स पुन्हा उघडला गेला नाही. उघडला असता तर तो का उघडला हे सांगावं लागलं असतं. सर आता शहरातले सगळे उतार ओळखतात. कुठल्या चौकातून पूर्ण वळसा मिळतो, कुठल्या मंगल कार्यालयाला दोन दारं आहेत, हे त्यांना पाठ आहे. एक दार असलेल्या कार्यालयातल्या लग्नांना ते जात नाहीत. त्याचं कारण तब्येत सांगतात. काकू म्हणतात, माणूस निवृत्तीनंतर पुढेच बघायला लागला, बरं झालं.

अडचण फक्त घराची होती. बंगल्यात गाडी आत जाई, पण बाहेर काढायला रोज चार माणसं लागत, त्यांत एक मी. हे बरोबर नाही, असं सरच एकदा म्हणाले. त्यांनी अंगणात खडूने आकृती काढली, पुढच्या फाटकातून एक सरळ रेघ मागच्या गल्लीपर्यंत नेली, आणि मला दोन महिन्यांची मुदत दिली. छत त्यांनी तोवर दुरुस्त करून दिलं होतं, शब्दाचा माणूस.

बंगल्याला आता दोन फाटकं आहेत. मागचं जिथे आहे तिथे माझं स्वयंपाकघर होतं.